बोल

लेकीने उत्रेख्तहून निरोप धाडला,
"बाबा, आईला सकाळी स्मूदी बोल दे.
पाच मिनिटांत होतो, चावावं लागत नाही."
मी तो मोठ्यानं वाचला, सवयीनं,
आणि शरयूनं नुसतं पाहिलं माझ्याकडे.
वरचे दात खालच्या दातांना तारेनं बांधलेले
आणि मी म्हणतोय, बोल.

नळस्टॉपच्या वळणावर खडी सांडलेली होती.
स्कूटर आडवी झाली, हनुवटी आधी टेकली.
डॉक्टर तांबोळी म्हणाले, सहा आठवडे.
पातळ. फक्त पातळ.

चौतीस वर्षं सहकारी बँकेत
लोकांची व्याजं पैशापर्यंत जुळवली मी,
पण मिक्सरचं झाकण हातानं दाबून धरायचं असतं
हे कुणी सांगितलंच नव्हतं.
पपई छतापर्यंत गेली.
पंख्याच्या पात्यावर एक केशरी ठिपका अजून आहे,
पुसायचा राहिलाय.
ती नाकातनं हसली, दुखलं, डोळ्यांत पाणी आलं,
मग लाईटच्या बिलामागे लिहिलं:
आधी झाकण. मग बटण.

तर आता असं असतं.
केळी रात्रीच सोलून, चकत्या करून बर्फात.
अननस शनिवारी मार्केट यार्डातून.
बागवान त्याचे डोळे काढतो तिरक्या वाटेनं,
घाटातून उतरावी तशी सुरी उतरते.
कात्रजचं दही दोन चमचे, ओल्या नारळाचं दूध
आणि फ्रीझरच्या तळाचा तो डबा,
त्यावर तिचंच अक्षर: रायवळ, २१ मे.
तेव्हा तिला काय ठाऊक कुणासाठी भरतेय.

मिक्सर फिरतो, मी गाळणीतून गाळतो,
निळ्या काठाच्या बोलमध्ये ओततो, स्ट्रॉ ठेवतो.
पेल्यात दिलं की औषध वाटतं म्हणे.

एका गुरुवारी लाईट नऊऐवजी आठलाच गेली.
केळ्याचे बर्फाळ गोटे भांड्यात तसेच.
मी माळ्यावरचं पुरणयंत्र काढलं.
हात भरून आला, अर्धा तास गेला,
पाच मिनिटांचा बोल.
शेजारच्या गोडसेवहिनी डोकावल्या,
"पुरणपोळी? आज?"

चिठ्ठ्या फ्रीजवर चिकटवत गेलो:
मीठ किंचित.
अननस आंबट, गूळ घाल.
चिकू नको, चिखल दिसतो.
तू जेवलास का?
त्या शेवटच्या चिठ्ठीवर दहीही सांडलंय थोडं.

तार काढली त्या दिवशी
रिक्षात मी बोललोच नाही, तिची पाळी होती.
एरंडवण्याचा सिग्नल गेला, मग पुढचाही.
ती बाहेर बघत होती,
जीभ आतल्या आत दातांवरून फिरत होती,
परत मिळालेलं घर कुणी खोली खोली बघावं तशी.
दारात चप्पल काढताना म्हणाली,
आवाज घोगरा, दुसऱ्या कुणाचा तरी,
"केळं जास्त घालतोस तू."

दुसऱ्या दिवशी विचारलं, काय करू?
उपमा? मऊभात?
तिनं निळा बोल पुढे सरकवला.
"तोच. घट्ट कर. आणि गाळू नकोस."

आंबा इतका दाट की चमचा उभा राहिला.
वर तिनं स्वतः पातळ पोहे भाजून टाकले,
चार डाळिंबाचे दाणे, तेही मोजून.
तोंड अजून दोन बोटंच उघडतं.
तिनं चमच्यावरनं एक पोहा उचलला, एकच,
डावीकडच्या दाढेखाली ठेवला,
आणि थांबली.

खाली घंटागाडीचं गाणं लागलं होतं.
मी खिडकी लावून घेतली.

कुर्र.

"ऐकलंस?" म्हणाली.
मी म्हटलं, नाही, परत.